आधी तांब्यावर हात बसू द्या

घरच्या घरी धातूचे दागिने बनवायला शिकायचंय, अशी पत्रं आणि मेसेज या वेळी इतके आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकललेत. मणी ओवणं नाही, खरं कापणं, तापवणं, ठोकणं, डाग देणं (लवकर वितळणाऱ्या धातूने, म्हणजे सोल्डरने, जोड सांधणं). उत्तरं मुंबईतली घरं डोळ्यासमोर ठेवून लिहिलीयत, कारण आपल्याकडे वर्कशॉप म्हणजे फार तर गॅलरी नाहीतर बेडरूमचा एक कोपरा, आणि वर-खाली-शेजारी सगळीकडे माणसं.

प्रश्न : मी भांडुपला वन बीएचकेत राहते. ऑनलाइन एक मोठं किट बघितलंय, धातू तापवायचा गॅसचा टॉर्च, हातोड्या, पॉलिशिंगची मोटर, ठसे, सगळंच आहे त्यात. घेऊन टाकू का? मला चांदीच्या अंगठ्या बनवायच्यात.

नका घेऊ, निदान आत्ता तरी नका. अशा किटमधल्या निम्म्या वस्तू सुरुवातीला लागतच नाहीत आणि ज्या रोज हातात असतात, म्हणजे करवत, कानस, पक्कड, त्याच बऱ्याचदा हलक्या निघतात. करवतीची एक चांगली फ्रेम घ्या, तिची पाती डझनाने घ्या कारण ती पटापट तुटणार, टेबलाच्या कडेला क्लॅम्पने अडकवायची लाकडी बेंच पिन (काम टेकवून कापायची फळी), एक अर्धगोल कानस, बारीक कानशींचा सेट, दोन पकडी, नायलॉनची हातोडी, अंगठी गोल करायचा निमुळता दांडा आणि जाडी मोजायला एक व्हर्नियर. बस. झवेरी बाजारात धनजी स्ट्रीटच्या बाजूला सोनारकामाच्या हत्यारांची दुकानं आहेत, तिथे जाऊन हातात धरून बघून घ्या, फोटोवरून कानशीचा दर्जा कळत नाही. क्लॅम्प, पक्कड वगैरे नागदेवीला मिळेल, आणि तांब्याचा पत्रा आणि तार पायधुनीच्या तांबाकाट्यावर, वजनावर. रविवारी मात्र जाऊ नका, फेरी फुकट जाईल.

हो, तांबंच. चांदीचा भाव बघता शिकायला चांदी वापरणं म्हणजे प्रत्येक कापाला जीव वरखाली, आणि भीत भीत हात चालवला की हात शिकत नाही. तांबं ठोकल्यावर कडक होतं, तापवल्यावर परत मऊ होतं, चांदीचंही तसंच. त्यात तांब्याला वितळायला 1085 डिग्री लागते, 925 चांदी (हजारात 925 भाग चांदी असलेली) 893 लाच पूर्ण पाणी होते, म्हणजे ज्योत जरा जास्त वेळ राहिली तरी तांबं तुम्हाला सांभाळून घेतं. शिवाय एक फायदा असा की तांब्यात नमुना केलात, वजन केलंत आणि त्याला 1.16 ने गुणलंत की तोच दागिना 925 मध्ये किती ग्रॅमचा होईल ते कळतं, मग तेवढीच चांदी घ्यायची, वर कापाकापीत जाईल ती थोडी जास्त. जर्मन सिल्व्हरच्या नावाला भुलू नका, त्यात चांदीचा कणही नसतो, तांबं, जस्त आणि निकेल असतं आणि निकेलने बऱ्याच जणांना पुरळ येतं.

पत्रा घेताना एक गोष्ट नक्की सांभाळा. व्हिडिओतले लोक गेज (जाडीचा नंबर) सांगतात ते बहुतेक अमेरिकन असतं आणि आपल्या दुकानात चालतं ते ब्रिटिश. अमेरिकन 20 गेज म्हणजे 0.81 मिलिमीटर, आपल्याकडचं 20 म्हणजे 0.91. पुढे 18 ला तर हा फरक 1.02 आणि 1.22 इतका होतो. म्हणून दुकानदाराला सरळ मिलिमीटरमध्ये सांगा आणि व्हर्नियर लावून बघा.

पहिलं काम म्हणून तांब्याच्या तारेची वेढणी करा, त्याला सोल्डर लागत नाही. मग जोडवी, तीही उघडी असतात. मग पत्र्यातून साधं पान कापा, परत कापा, रेघेवरून करवत हटेनाशी होईपर्यंत कापत राहा. पात्याचे दात बोटाला खालच्या बाजूला टोचले पाहिजेत, काप खाली ओढताना पडतो, वर नेताना पातं नुसतं मोकळं जातं. फ्रेम छातीने जरा दाबून पातं ताणून बसवायचं, नखाने छेडलं की टिंग असा आवाज आला पाहिजे, बद्द आवाज आला तर पातं ढिलं आहे आणि वळणावर तुटणार. पत्र्याच्या जाडीप्रमाणे दोन झिरो किंवा तीन झिरो नंबरचं (2/0, 3/0) पातं चालेल, मधूनमधून मेण लावा, आणि जोर करू नका, वळताना पुढे ढकलणं थांबवून जागच्या जागी वरखाली करत पत्रा फिरवा. हे अंगात मुरेपर्यंत टॉर्चचा विचार नको.

प्रश्न : आम्ही गिरगावात चाळीत राहतो, खोल्या दोन. मला सोल्डरिंग शिकायचंय पण घरात आग म्हटल्यावर सासूबाई घाबरतात. स्वयंपाकाच्या सिलिंडरला टॉर्च जोडता येईल का? आणि ठोकाठोकीचा आवाज शेजारी जातो त्याचं काय?

सासूबाईंचं घाबरणं अगदी बरोबर आहे, उलट त्यांना समोर बसवून सगळी तयारी दाखवा आणि मगच पेटवा. स्वयंपाकाच्या सिलिंडरला किंवा पाइप गॅसच्या लाइनला टॉर्च जोडायचा नाही, कुणी कितीही सोपी युक्ती सांगितली तरी नाही. ती नळी, तो रेग्युलेटर शेगडीच्या हिशोबाने असतो, आणि चाळीत एका घराचा निष्काळजीपणा सगळ्या मजल्याला भोवतो. ब्युटेनचा छोटा हँड टॉर्च कानातली, जोडवी, अंगठी इतक्या कामाला पुरतो. जाड कडं किंवा चांदी आटवणं (वितळवणं) त्याच्याने होणार नाही, पण ते काम सध्या तुमचं नाहीच. ब्युटेन हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो, म्हणून टॉर्च भरताना दार-खिडकी उघडी, देवापुढचा दिवा आणि उदबत्ती विझलेली, आणि भरल्यावर थोडा वेळ जाऊ द्यायचा, लगेच काडी ओढायची नाही. गॅसचे डबे गॅलरीत उन्हात ठेवू नका.

जागा म्हणाल तर स्टीलचा मोठा ट्रे, त्यावर अग्निवीट, विटेवर काम. फरशीवर थेट ज्योत गेली तर ती तडकते. जुन्या कारखान्यातली ॲस्बेस्टॉसची शीट कुणी फुकट दिली तरी घरात आणू नका, तिचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. पंखा बंद, खिडकी उघडी, जमत असेल तर एक्झॉस्ट चालू. वाळत घातलेले कपडे आणि पडदे लांब, अंगावर सुती कपडे, ओढणी काढून ठेवलेली, केस बांधलेले, डोळ्यांवर गॉगल. पाण्याची बादली आणि पावडरचा छोटा एक्स्टिंग्विशर हाताशी. आणि सोल्डर घेताना कॅडमियम नसलेलंच मागा. सोन्याच्या कामात केडीएम म्हणून जो डाग वर्षानुवर्षं चालला त्यातलं कॅडमियम तेच, त्याचा धूर विषारी असतो, लहान मुलं जिथे झोपतात त्या खोलीत त्याला जागाच नाही.

आवाजासाठी ऐरणीखाली जाड रबर किंवा वाळूची पिशवी घाला आणि ऐरण टेबलाच्या मधोमध न ठेवता बरोबर पायाच्या डोक्यावर ठेवा, टेबल घुमत नाही आणि ठोकाही चांगला बसतो. दुपारी दोन ते चार मात्र कानस आणि सँडपेपरचीच कामं काढा, चाळीत त्या वेळेची झोप मोडली तर तुमची कला कुणाला आवडणार नाही.

प्रश्न : बोरिवलीहून लिहितोय. तांब्यावर बरीच प्रॅक्टिस करून आता चांदीची पहिली अंगठी करतोय. पण सोल्डर ठेवून तापवलं की त्याची गोळी होते आणि घरंगळून बाजूला जाते, जोडात जातच नाही. फ्लक्स लावलाय. कुठे चुकतंय?

गोळी झाली याचा अर्थ सोल्डर तापलं आणि अंगठी गारच राहिली. बहुतेक नवशिक्यांची ज्योत त्या इवल्याशा तुकड्यावर रोखलेली असते, कारण डोळा तिथेच असतो. सोल्डरला ज्योतीने वितळवायचं नसतं, अंगठीने वितळवायचं असतं. सगळी अंगठी इतकी तापली पाहिजे की तिच्या अंगच्या उष्णतेने सोल्डर पाणी होऊन आत ओढलं जाईल.

पण त्याच्या आधी जोड बघा. अंगठी ट्यूबलाइटसमोर धरा, फटीतून केसाएवढा जरी उजेड दिसला तरी थांबा, सोल्डर फट भरून काढत नाही. दोन्ही टोकं एकमेकांच्या पलीकडे जरा जास्तच दाबून परत मागे आणा म्हणजे ती ताणाने एकमेकांवर दाबून बसतात, मग जोडाच्या रेघेतून करवत एकदा सरळ फिरवा, दोन्ही कडा एकाच पात्याने कापल्या जातात आणि परत दाबल्यावर तंतोतंत जुळतात. मापाचं गणितही सांगते कारण अंगठ्या लहान होतात ही तक्रार बऱ्याच पत्रांत आहे. आतला व्यास अधिक पत्र्याची जाडी, गुणिले 3.14. म्हणजे 17 मिलिमीटरची अंगठी 1.2 च्या पत्र्यात करायची तर 18.2 गुणिले 3.14, साधारण 57 मिलिमीटरची पट्टी. जाडी मिळवायला विसरलात की अंगठी घट्टच होणार.

आता तापवणं. फ्लक्स म्हणजे तापताना जोड काळा पडू न देणारा लेप, आपल्याकडे तो टाकणखाराचा. टाकणखाराचा खडा, दुकानात सुहागा म्हटलं की देतात, तो पाण्याचे चार थेंब टाकून पाटीवर किंवा खडबडीत दगडावर घासा, दुधाळ लेप तयार होतो, तो जोडाला आणि सोल्डरच्या तुकड्यांनाही लावा. तुकडा एक मिलिमीटरचा पुरे. खोलीतला उजेड कमी करा, कारण लालीवर लक्ष ठेवायचंय. ज्योत अंगठीच्या मागच्या बाजूने सुरू करून गोल गोल फिरवत ठेवा, एका जागी उभी करू नका. पहिल्यांदा लेपातलं पाणी उडतं, मग टाकणखार फसफसून फुगतो आणि सोल्डरचा तुकडा जागचा हलतो, इथे घाबरून न जाता ज्योत लांब घ्या, चिमट्याच्या टोकाने तुकडा परत जोडावर आणा आणि पुढे चालू ठेवा. मग तो फुगवटा बसतो, पांढरेपणा जातो, आणि थोड्याच वेळात फ्लक्स काचेसारखा पारदर्शक होऊन ओला दिसायला लागतो. तो ओला दिसला की समजा आता जवळ आलंय. चांदीवर अगदी फिकट लाली येते, सोल्डरच्या तुकड्याचे कोपरे गोलावतात आणि तेवढ्यात चकाकती रेघ जोडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सर्रकन धावते. ज्योत त्याच क्षणी बाजूला. अजून थोडं म्हणून थांबलात तर 925 चांदी 800 डिग्रीच्या आसपास वितळायलाच लागते, अंगठीच्या कडा गळून पडतील.

सोल्डर गरमीच्या दिशेने धावतं, हे एकदा ध्यानात आलं की ते तुम्ही पाहिजे तिकडे नेऊ शकता. तुकडे जोडाच्या आतल्या बाजूला आणि ज्योत बाहेरून, म्हणजे ते जोडातून ओढलं जाऊन बाहेर दिसतं, आणि दिसलं म्हणजे पूर्ण जोड भरला. अंगठी जाड चिमट्यात धरून तापवत असाल तर ते सोडा, चिमटा निम्मी उष्णता पिऊन टाकतो, कोळशाच्या ठोकळ्यावर ठेवा. एकाच दागिन्यात दोन-तीन जोड असतील तर पहिला हार्ड सोल्डरने, मग मीडियम, शेवटचा ईझीने (हार्ड सगळ्यात जास्त उष्णतेला वितळतं, ईझी सगळ्यात कमी), म्हणजे पुढच्या जोडाला तापवताना आधीचा सुटत नाही.

नंतर काळं पडलेलं काढायला कारखान्यात तेजाब, म्हणजे जहाल आम्ल, वापरतात, घरात त्याची गरज नाही. काचेच्या भांड्यात कपभर गरम पाणी, दोन चमचे लिंबूसत, अंगठी त्यात थोडा वेळ, पाणी गरम असलं की काम लवकर होतं. लालबुंद अंगठी थेट त्यात टाकू नका, आधी साध्या पाण्यात विझवा, नाहीतर आम्ल उडतं. लोखंडी चिमटा त्या भांड्यात बुडवू नका, चांदीवर तांब्याचा गुलाबी थर चढतो, बांबूचा किंवा तांब्याचा चिमटा ठेवा. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून, मग रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशने घासा, सोनार पिढ्यानपिढ्या हेच करतात आणि चकाकीही छान येते. ते भांडं पुन्हा ओट्यावर जाता कामा नये, आणि पाणी निळं झालं की त्यात सोडा घाला, पण तरी तुळशीत ओतू नका, त्यात तांबं उतरलेलं असतं.

प्रश्न : मुलुंडला राहतो, बँकेतून रिटायर झालो. वडील सोनारकाम करत. त्यांची पेटी माळ्यावर आहे, जंत्री (तार ओढायची भोकांची पट्टी), ज्योत फुंकायची फुंकणी, ऐरण, हातोड्या, चिमटे, मूस (धातू आटवायचं भांडं), काही बाटल्या. या वयात शिकता येईल का? हात थोडा थरथरतो. आणि ती हत्यारं अजून चालतील?

काका, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. ऐरण, हातोड्या, चिमटे, जंत्री सगळं चालेल, चांगलं जुनं पोलाद आजच्या स्वस्त हत्यारांपेक्षा कितीतरी सरस असतं. गंजलं असेल तर रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, पितळी ब्रशने घासा, पुसून मशीन ऑइलचा हात फिरवा. हातोडीचं तोंड आणि ऐरणीचा माथा मात्र बारीक होत जाणाऱ्या सँडपेपरने आरशासारखा करा, कारण तिथला प्रत्येक खड्डा तुमच्या पत्र्यावर उमटणार. मूस वापरू नका, जुन्या मुशीत बारीक तडे असतात, भरलेली असताना फुटली तर भयंकर. बाटल्या उघडून वास तर बिलकुल घेऊ नका, जुन्या पेट्यांत तेजाब असतं आणि मुलाम्यासाठी ठेवलेला पाराही असू शकतो, मुलांना-नातवंडांना हात लावू न देता त्या आधी वेगळ्या काढा. फुंकणी जपून ठेवा, पण सुरुवात टॉर्चनेच करा, तोंडाने अखंड श्वास देणं ही वेगळीच साधना आहे.

तुम्ही जंत्रीपासूनच सुरू करा असं मला मनापासून वाटतं. तांब्याची तार तापवून मऊ करायची, टोक कानशीने निमुळतं, मेण लावून एका भोकातून पक्कडीने एका दमात ओढायची, मग पुढच्या बारीक भोकातून. चार-पाच भोकं झाली की तार कडक होते आणि हाताला ते लगेच कळतं, परत तापवायची. यात लागतो तो खांदा आणि कंबर, बोटांची थरथर आड येत नाही. करवतीसाठी काम छातीच्या उंचीला आणा, दोन्ही कोपरं टेकलेली ठेवा, वरून चांगला दिवा आणि डोक्याला लावायचं भिंग. वडील खाली मांडी घालून बसत असतील, गुडघे साथ देत असतील तर तसंच बसा, बैठकीच्या मेजावर हात आपोआप टेकतो.

प्रश्न : पावसाळ्यात चांदी काळी पडते आणि हत्यारांना गंज येतो. उपाय?

हवेतल्या गंधकामुळे चांदी काळवंडते आणि दमट हवेत ते आणखी झपाट्याने होतं. घट्ट बंद होणाऱ्या छोट्या पिशवीत हवा काढून ठेवा, सोबत खडूचा तुकडा, रबर बँड आणि लोकर जवळ नको. हत्यारांना कामानंतर तेलाचं फडकं, डब्यात कापराच्या दोन वड्या. मुद्दाम काळी झाक हवी असेल तर उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला बलक आणि चांदी एका बंद डब्यात ठेवा, काही तासांत सुंदर करडा रंग चढतो, नक्षीचे उंचवटे घासून उजळले की काम उठून दिसतं.

प्रश्न : मी लालबागला राहते, कॉलेजला आहे. ताई, शिकायला कुठे जाऊ? आणि मी केलेली कानातली मैत्रिणींना विकली तर त्यावर 925 ठोकू शकते का?

सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टला धातुकामाचा विभाग आहे, पण ते कॉलेजचं शिक्षण झालं. तुझ्यासाठी एखादी छोटी वीकएंडची कार्यशाळा कर, जिथे दहाच्या आत मुलं असतील आणि टॉर्च स्वतःच्या हातात देत असतील, नुसतं बघायला लावणारी नको. आणि तू इतकी जवळ राहतेस तर भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात वही घेऊन जा, जुन्या कारागिरांनी धातूच्या वस्तूंवर केलेलं काम निवांत बघ, कडा कशा संपवल्यात ते खास बघ.

925 चं म्हणशील तर नको ठोकूस. सोन्याला 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, चांदीला तो ऐच्छिक आहे, पण शुद्धतेची खूण तपासणी करून घेतलेल्यानेच करावी, हे मला पक्कं वाटतं. तू चांदी जिथून घेतलीस त्याची पावती सांभाळ, मैत्रिणीला स्पष्ट सांग की 925 पत्र्यातून केलंय, सोल्डर इतक्या ठिकाणी आहे. आणि घडणावळ लाव, नुसत्या चांदीच्या भावात देऊन टाकू नकोस, तुझे तास त्यात गेलेत.

प्रश्न : कापताना-घासताना जो चुरा पडतो तो फेकायचा का?

अजिबात नाही. झवेरी बाजारात कारखान्यांचा केरसुद्धा विकला जातो आणि झारेकरी त्यातून सोनं-चांदी काढतात. बेंच पिनखाली कापडाची झोळी किंवा ड्रॉवर ठेवा, चांदीचं काम आणि तांब्याचं काम एका बैठकीत करू नका, मधे झोळी झटकून घ्या. चुऱ्यातून लोहचुंबक फिरवलं की तुटलेल्या पात्यांचे आणि कानशीचे कण निघून जातात. चांदीचा स्वच्छ चुरा एका बरणीत, सोल्डर लागलेले तुकडे दुसऱ्या बरणीत, सँडपेपर आणि पॉलिशची धूळ तिसऱ्या, बरण्यांवर नाव लिहा. पहिल्या बरणीचा भाव चांगला येतो आणि ओळखीचा कारागीर असेल तर तो ती आटवून सरळ नवीन पत्रा किंवा तार करून देतो.